मनोरुग्णांचे हक्क : ग्रामीण रुग्णालयाच्या दारात

मनोरुग्णांच्या हक्कांचा विषय निघाला की चर्चा बहुधा मनोरुग्णालयाच्या भिंतींपाशी येऊन थांबते. डांबून ठेवणे, साखळीने बांधणे, मारहाण हे प्रश्न गंभीर आहेतच. परंतु मनाच्या आजाराने ग्रासलेली बहुसंख्य माणसे कोणत्याही मनोरुग्णालयात दाखल नसतात. ती आपापल्या घरी राहतात, अंगात बळ असेल त्या दिवशी निंदणी-वेचणीला जातात, आणि उपचार मिळालाच तर तो बाह्यरुग्ण विभागात मिळतो. शासनाची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर येथे आहेत. अमरावती-अकोल्याला त्यांतले जवळचे नागपूर. तेव्हा वऱ्हाडातील रुग्णाच्या हक्कांची खरी कसोटी कुलपापाशी नव्हे, तर केसपेपरच्या खिडकीपाशी लागते.

1912 चा इंग्रजी अमदानीतला कायदा रुग्णाकडे समाजाला असलेला धोका म्हणून पाहत होता. 1987 च्या कायद्याचाही भर मुख्यतः रुग्णालयातील प्रवेश आणि मुक्तता यांवरच होता. 29 मे 2018 पासून अमलात आलेल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क मानला. त्याच्या कलम 18 नुसार उपचारासाठी रुग्णाला लांबचा प्रवास करावा लागू नये, ही जबाबदारी शासनाची आहे. अत्यावश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक शासकीय रुग्णालयात सर्वकाळ विनामूल्य मिळाली पाहिजेत. दारिद्र्यरेषेखालील माणसाजवळ कार्ड नसले तरी त्याला मोफत उपचार नाकारता येत नाही. जिल्ह्यात किमान शासकीय सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसायचा आहे. ही कलमे कागदावर राहिली तर त्यांची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

ती किंमत मजुरीच्या दिवसांत मोजावी लागते. नैराश्य किंवा छिन्नमानसिकता यांवरील औषध दोन दिवसांत संपणारे नसते. ते अनेक महिने, कधी अनेक वर्षे घ्यावे लागते. धारणीपासून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आहे. औषधासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागले, तर रुग्णाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते, आणि दोघांचे एसटीचे भाडे वर. खिडकीवर ‘औषध संपले, पुढच्या आठवड्यात या’ असे उत्तर मिळाले की हाच खर्च दुप्पट होतो. तिसऱ्या खेपेला रुग्ण येत नाही. दवाखान्याच्या वहीत त्याची नोंद ‘उपचार सोडला’ अशी होते. वस्तुतः उपचाराने त्याला सोडलेले असते. कोरकू बोलणाऱ्या रुग्णाला आजार आणि औषध यांची माहिती त्याला कळेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, असे हाच कायदा सांगतो. तीही बहुधा डॉक्टरच्या सवडीवर सोडली जाते.

खेड्यातील माणूस मनाच्या आजारासाठी दवाखान्याची पायरी चढतच नाही, असा युक्तिवाद यावर करण्यात येतो. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत झालेल्या ‘विश्राम’ प्रकल्पाने तो खोटा ठरवला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन संवाद साधला आणि डॉक्टरची सेवा गावाच्या जवळ आणली, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. सेवा दारात आली की लोक येतात, एवढाच त्यांचा अर्थ.

चळवळीतील अनेकांच्या मनात मात्र वेगळीच शंका असते. कापसाला भाव द्यायचा नाही, कर्जाचा फास सोडवायचा नाही आणि शेतकऱ्याला समुपदेशकाकडे पाठवायचे, ही दुःखाची जबाबदारी दुःखितावरच ढकलण्याची युक्ती नव्हे काय? विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांसाठी 2015 मध्ये शासनाने प्रेरणा प्रकल्प आणला, तेव्हाही हा आक्षेप घेतला गेला. आक्षेप रास्त आहे. निष्कर्ष मात्र अपुरा आहे. गिरणी कामगाराचा क्षय कोंदट चाळीतून येतो, म्हणून त्याला क्षयाचे औषध नाकारावे, असे कोणी समाजवादी म्हणणार नाही. भावासाठीचा लढा आणि औषधासाठीचा लढा यांत निवड करण्याचे कारण नाही.

एका बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला मिळणारी एक लाखाची मदत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या शब्दांवर अवलंबून असते, आणि पात्रतेचा निकष कर्जाशी बांधलेला आहे. मनाच्या आजाराचा केसपेपर उद्या विधवेच्या विरुद्ध पुरावा म्हणून पुढे येईल, या भीतीने कोणी उपचार टाळला, तर तो दोष त्या माणसाचा नव्हे. कायद्याच्या कलम 23 ने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क मृत्यूबरोबर संपतो, असे कोणत्याही समितीने मानू नये. आणि कर्जाने मन खचले असेल, तर आजार हा कर्जाचाच परिणाम समजावा.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर, धारणी येथील शासकीय रुग्णालयांत मनाच्या आजाराची कोणती औषधे आहेत आणि मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, हे विचारून घ्यावे व गावात फळ्यावर लिहावे. औषध नसेल तर कलम 28 नुसार प्रथम वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, दाद न मिळाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे रुग्णाच्या वतीने लेखी तक्रार गुदरण्यास कुटुंबाला साहाय्य करावे. घरोघर विचारपूस करण्याचे काम ज्या आशांवर टाकले जाते, त्यांच्या मोबदल्याचा प्रश्न याच मागणीत गोवावा. रेशनच्या दुकानात धान्य नाही म्हटल्यावर रांगेतला माणूस आज गप्प बसत नाही, कारण ते दान नसून आपला हक्क आहे हे चळवळीने त्याला शिकवले. औषधाच्या खिडकीपुढील रांगेला हे शिकवणे अजून बाकी आहे.