साम्राज्यशाहीविरोध पुरेसा नाही

इराणमध्ये मुल्लांची राजवट आली ती तेथील जनतेच्या धर्मवेडामुळे, असे निदान पंडित मंडळी बिनदिक्कत करीत असतात. इतिहासाशी या निदानाचा सुतराम संबंध नाही. याच जनतेने १९५१ साली डॉ. महंमद मोसद्देक यांच्या पाठीशी उभे राहून ब्रिटिश कंपनीच्या घशातून आपले तेल काढून घेतले होते. तो लढा धर्माचा नव्हता. राष्ट्रीय स्वातंत्र्याचा आणि लोकशाहीचा होता. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्या हेरखात्यांनी कट रचून मोसद्देक सरकार उलथविले. पुढच्याच वर्षी नव्या तेलसंघातील ४० टक्के वाटा अमेरिकन कंपन्यांनी पदरात पाडून घेतला. शहाच्या ‘सावाक’ने पक्ष, संघटना आणि वृत्तपत्रे चिरडली. मशिदींना टाळे ठोकणे मात्र त्यालाही शक्य नव्हते. असंतोषाने तेथे आसरा शोधला, यात नवल ते काय?

परंतु सारे खापर साम्राज्यशाहीच्या माथी फोडून डाव्यांची सुटका होत नाही. १९७८ साली शहाचे सिंहासन खिळखिळे केले ते तेलकामगारांच्या संपाने. कारखान्याकारखान्यांतून ‘शूरा’, म्हणजे कामगारांच्या समित्या, उभ्या राहिल्या. ८ मार्च १९७९ रोजी हिजाबच्या सक्तीविरुद्ध हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या. तेव्हा तुदेह पक्ष कोठे होता? खोमेनी अमेरिकेचे शत्रू, एवढ्या एका गुणावर भाळून त्या पक्षाने इस्लामी प्रजासत्ताकाच्या पारड्यात मत टाकले. स्त्रियांचा प्रश्न दुय्यम ठरला, नागरी स्वातंत्र्याचा प्रश्न पुढे ढकलला गेला. १९८३ साली तुदेहवरच बंदी आली आणि त्याच्या पुढाऱ्यांना दूरचित्रवाणीवर ‘कबुलीजबाब’ देण्यास उभे करण्यात आले. १९८८ च्या उन्हाळ्यात हजारो राजकीय कैद्यांना फाशी देण्यात आली. त्यांत डावेही होते.

२०२२ साली धर्मपोलिसांच्या ताब्यात गेलेल्या महसा अमिनी हिचा मृत्यू झाला आणि १९७९ चा तोच प्रश्न पुन्हा रस्त्यावर आला. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेने इराणवर केलेल्या बाँबहल्ल्यांचा धिक्कार केलाच पाहिजे. पण त्या धिक्काराची किंमत म्हणून तेहरानच्या तुरुंगांविषयी मौन पाळण्याचा सल्ला जे पुरोगामी देतात, ते तुदेहचीच वाट चालत आहेत. बाँब टाकणाऱ्यांचा आणि फास आवळणाऱ्यांचा निषेध एकाच तोंडाने करता येतो. तो करण्याचे धैर्य नसलेल्या साम्राज्यशाहीविरोधाला समाजवाद म्हणता येणार नाही.