परसातला पाखरांचा हिस्सा

अम्मी-अब्बा दोघंही गेल्यावर निघोज्यातल्या घराची वाटणी करायला आम्ही भावंडं बसलो. घर जुनं, दगडी जोत्याचं, मातीच्या भिंतींचं. मागे ओढ्याकडे उतरत गेलेलं पाच गुंठ्यांचं परस. दोन भाऊ, एक बहीण, शरीयतप्रमाणे दोन-दोन-एक. हिशेब पाच मिनिटांत झाला. वाद झाला तो परसाचं करायचं काय, यावर.

भाईजानचं म्हणणं सरळ होतं. उतार भरून सपाट करायचा आणि भाड्याच्या खोल्या बांधायच्या. चाकणची एमआयडीसी वाढली, महिंद्राचा कारखाना गावातच आला, तेव्हापासून आमच्याकडे हेच चाललं आहे. कामगाराला छप्पर हवं, शेत गेलेल्या घराला उत्पन्न हवं. यात भाईजानचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. रस्त्याच्या बाजूच्या त्यांच्या दोन गुंठ्यांत खोल्या झाल्या. माझे दोन आणि आपाचा एक असे तीन गुंठे आम्ही बागेला ठेवले. आपाने हक्कसोडपत्रावर सही केली नाही म्हणून नातेवाईक नाराज होते. तिने ती केली असती तर आज बागेला एवढी जागा उरलीच नसती.

बाग म्हटलं की लोकांना हिरवळ आणि शोभेची चार झाडं आठवतात. जुन्या घराला ती शोभत नाही, आणि हिरवळीवर कुणाचं पोटही भरत नाही. माझं मत असं, की उतार मोडू नये, त्याचे टप्पे करावेत. ही कल्पना नवी नाही. 1619 साली जहांगीरने काश्मिरात शालिमार बाग घडवली, तीही टप्प्याटप्प्यानेच. वरचं पाणी उताराने आपसूक खाली येतं. आमच्याकडे पत्र्यावरचं पावसाचं पाणी आणि वजूचं पाणी तसंच खाली सोडलं आहे. वजूला साबण लागत नाही, झाडांना ते चालतं.

घराजवळच्या टप्प्यावर मोठं झाड नाही. मातीच्या भिंतीचा वैरी म्हणजे ओल. झाडांना घातलेलं पाणी जोत्यात मुरता कामा नये, आणि भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ बोटभर असतानाच काढावा. इथे पुदिना, सब्जा आणि जरा लांब लिंबू, कडीपत्ता. या दोघांच्या पानांवर काही फुलपाखरं अंडी घालतात. अळ्या पानं कुरतडतात, कुरतडू द्यावीत. फवारणी केली तर फुलपाखरू येणार कुठून?

मधला टप्पा झुडपांचा. मेंदी, अडुळसा, जास्वंद, डाळिंब. शिंजीर फुलांतल्या मधासाठी येतो, शिंपी रुंद पानं शिवून घरटं करतो. टप्पे धरून ठेवणारी ताल सिमेंट न लावता नुसत्या दगडांची रचली आहे. पाणी झिरपून जातं, आणि फटींत सरडे, बेडूक राहतात. शेवटच्या टप्प्यावर, घरापासून ऐंशी फुटांवर, ओढ्याकाठी उंबर आणि करंज. उंबर फळाला आला की तांबट, बुलबुल, वटवाघळं सगळ्यांचीच दावत.

आक्षेप दोन येतात. पहिला सापाचा. आमच्या भागात नाग, घोणस आहेत, भीती खोटी नाही. म्हणून घराजवळचा टप्पा रोज झाडून मोकळा ठेवतो, अडगळ आणि खरकटं राहू देत नाही. खरकट्याने उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. रात्री बॅटरीशिवाय कुणी खाली उतरत नाही. दुसरा आक्षेप डासांचा. पाखरांसाठी पाण्याची पसरट परळ ठेवली आहे, ती दर दोन दिवसांनी रिकामी करून घासतो. अंड्यातून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, तेवढी सवड त्याला मिळत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. तीन गुंठ्यांत किती खोल्या बसल्या असत्या हा हिशेब मलाही येतो. दर महिन्याला भाईजानकडे भाडं येतं, माझ्याकडे येत नाही. पण वाटणीच्या वेळी शरीयतचं बोट धरणाऱ्यांनी एक हदीसही लक्षात ठेवावी. मुसलमानाने लावलेल्या झाडाचं माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं, तर ते त्याच्या नावे सदका लिहिलं जातं. त्यात पाखराचं नाव माणसाच्या बरोबरीने येतं. मग पेरू पाखरांनी टोचला की आपण नासाडी झाली असं का म्हणतो?

भाईजानच्या खोल्यांतली परगावची पोरं संध्याकाळी आमच्या तालीवर येऊन बसतात. दहा बाय दहाच्या खोलीत ती बसणार तरी कुठे? भाईजानही हल्ली चहा तिथेच घेतात.

ज्यांच्या घरी वाटणी व्हायची आहे त्यांना सांगणं एवढंच. खोल्या बांधा, पण सगळं परस सपाट करू नका. एखादा गुंठा उताराचाच राहू द्या. वारसांच्या यादीत ज्यांचं नाव येत नाही, त्यांचाही त्यावर हिस्सा आहे.