शिक्का फ्लेमेंकोचा, खिसा शिकणाऱ्याचा

नवशिक्याला स्पेनमधला फ्लेमेंको शिकायचा असेल तर त्यानं फ्लेमेंको गिटार घेऊ नये. हे मी पूर्ण शुद्धीत लिहितोय. साधी, नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घ्यावी, तिच्या तारा थोड्या खाली बसवून घ्याव्यात आणि उरलेल्या पैशांत शिकवणारा गाठावा. एवढ्याशा गोष्टीसाठी लेख खरडावा लागतो, कारण बरोबर याच्या उलट सांगणारे दोन्ही बाजूंनी दबा धरून बसलेत.

आधी दुकानदार. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ हा सिनेमा २०११ मध्ये आला. त्यातलं ‘सेन्योरिता’ गाणं ऐकून वेडावलेलं पोरगं त्याला तेव्हापासून लांबूनच ओळखू येतं. पोराच्या हातात हमखास पडते ती लोखंडी तारांची गिटार. आपल्या बाजारात तिला ‘स्पॅनिश’ म्हणतात, त्यामुळे पोराला वाटतं काम झालं. घरी गेल्यावर नखांनी तारा झोडायला लागतो आणि आठवड्याभरात नखांची वाट लागते. फ्लेमेंकोत उजव्या हाताची बोटं एकामागून एक तारांवर फेकायची असतात, त्याला रासगेआदो म्हणतात. ते लोखंडावर करायचं काम नव्हे. शिवाय या गिटारची मान वरच्या टोकाशी जेमतेम ४३ मिलिमीटर रुंद, क्लासिकलची ५२ च्या आसपास. तक्रार घेऊन गेलात तर उत्तर तयार: “त्यात काय, नायलॉनच्या तारा चढवून देतो की!” अहो, लोखंडी तारांचा सत्तरेक किलोचा ताण सोसायला बांधलेला तो गिटारचा वरचा पाट, नायलॉनच्या चाळीसेक किलोंनी तो हलणार कसा? आवाज घशातच अडकतो. आणि उलटा उद्योग केला, म्हणजे क्लासिकलवर लोखंडी तारा चढवल्या, तर एक दिवस तारा बांधलेला ब्रिज उखडून हातात येतो.

दुकानदार निदान पोटासाठी खोटं बोलतो. दुसऱ्या बाजूला बसलेल्या सोवळ्या मंडळींना तीही सबब नाही. त्यांचा मंत्र एकच: सायप्रस या झाडाच्या लाकडाची, स्पेनमध्ये बनलेली गिटार नसेल तर हात लावू नका. पन्नास हजारांच्या खाली बोलायचं नाही. ही मंडळी ज्याला परंपरा म्हणतात ती आली कुठून, हे त्यांनी एकदा तपासावं. आजच्या गिटारचा साचा घातला तो अल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिरानं. त्याच्या काळात सायप्रस हे स्पेनमध्ये मिळणारं स्वस्त लाकूड होतं, शिसवी जहाजातून यायचं आणि महाग पडायचं. आंदालुसियातले गाणारे-वाजवणारे बहुतेक हातावर पोट असलेले, जिप्सी वस्त्यांतले. त्यांनी परवडेल ते घेतलं. त्या हलक्या लाकडाचा आवाज कोरडा, तडक उमटून विझणारा. नाचणाऱ्याच्या टाचांपुढे तो नेमका शोभला, आणि मग तीच रीत झाली. गरिबाच्या निवडीचं सोवळं करून ते आता गरिबालाच दाखवायचं, हा कुठला न्याय? पुढे मैफलीतल्या वादकांनी शिसवी पाठीच्या गिटारी सर्रास हाती घेतल्या, आणि ते शिसवी बऱ्याचदा आपल्याच दक्षिण भारतातलं असतं. तेव्हा कुणी फ्लेमेंको बाटला म्हणून ओरडलं नाही.

खरा फरक हातात पट्टी घेतली की दिसतो. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तारेची उंची मोजा. दुकानातल्या क्लासिकलवर ती चार मिलिमीटर किंवा जास्त भरते. फ्लेमेंको वाजवणाऱ्याला तीनच्या आत लागते. बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर येतो, म्हणून तिथे एक मिलिमीटर कमी करायचा तर ब्रिजवरच्या सॅडलचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, तळ दोन मिलिमीटर घासायचा. सपाट फळीवर पॉलिश पेपर ठेवून थोडं थोडं घासा, दर वेळी बसवून पाहा, आणि मूळ सॅडलच्या मापाची एक जास्तीची घेऊन ठेवा. तार थोडी खरखरली तर घाबरू नका, फ्लेमेंकोला ती चालते. पाटावर बोटानं ठोका द्यायचा असतो, त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचा चिकट पातळ पत्रा लावा, नाहीतर पॉलिश उडेल. झाली गिटार.

तशी हुबेहूब होत नाही, हेही सांगतो. अस्सल फ्लेमेंको गिटारची मानच अशी बसवलेली असते की तारा पाटाच्या अगदी जवळ येतात. घासूनपुसून ते साधत नाही. सायप्रसचा तो तुटक आवाजही साध्या गिटारच्या प्लायवूडमधून निघणार नाही. पण ज्याला अजून सोलेआ या फ्लेमेंकोतल्या प्रकाराचा ठेका हातात धरता येत नाही, त्याला तो आवाज करायचाय काय? बारा मात्रा, जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्यावर. एकताल ऐकून वाढलेल्या आपल्या कानाला बारा नवे नाहीत, पण हा जोर पहिले सहा महिने पाय घसरवतोच. ते बसतं टाळ्या वाजवून, मेट्रोनोम लावून, गाणाऱ्यामागे वाजवून. लाकडाचा त्यात काडीचा संबंध नाही.

आणि प्लायवूडला नाकं मुरडणाऱ्यांनी आपल्या पावसाळ्याचा विचार करावा. अखंड लाकडाचा पाट जुलैत फुगतो, कोरड्या एप्रिलमध्ये आक्रसून तडकू शकतो. महागडी गिटार घेतली की तिच्या पेटीत दमटपणा सांभाळायची नोकरीही लागते. यामाहा सी-४० सारखी साधी गिटार दहा-बारा हजारांच्या घरात मिळते आणि कोपऱ्यात उभी राहून निमूटपणे सगळं सोसते. दोनतीन वर्षं वाजवून हात तिच्या पुढे गेला, तर खुशाल सायप्रस घ्या. तेव्हा काय ऐकायचं ते तरी कळत असेल.

तोवर दुकानात जाताना खिशात सहा इंची स्टीलची पट्टी ठेवा. मान वाकडी नाही ना, एका डोळ्यानं पाहा. सॅडल ब्रिजच्या वर किमान तीन-चार मिलिमीटर दिसते का ते बघा, नाहीतर घासायला काही उरणार नाही. आणि पट्टी काढल्यावर विकणाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, तर पैसे न काढता बाहेर या.