ब जीवनसत्त्वाची गोळी आणि मूळ औषध

एच.आय.व्ही.ची बाधा असलेल्या माणसाला विसर पडू लागला, पायांना मुंग्या येऊ लागल्या, की घरची माणसे म्हणतात, "अशक्तपणा आहे, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणा." गोळ्या स्वस्त, शिवाय दुकानदाराला आजाराचे नाव सांगावे लागत नाही. म्हणून त्यांच्यावर भिस्त वाढते. आमचे मत असे की, या गोळ्यांना त्यांची जागा जरूर द्यावी. मूळ औषधाची जागा देऊ नये.

त्यांची जागा लहान नाही. ब-१२ कमी पडले तर मज्जातंतूंचे आवरण खराब होते, तोल जातो, स्मरण मंदावते. फार काळ दुर्लक्ष झाले तर हानी कायमची राहते. रक्त तपासले की ही उणीव कळते आणि गोळ्यांनी वा इंजेक्शनांनी भरून निघते. मात्र ब-१२ न तपासता नुसते फोलिक ॲसिड घेत राहू नये. रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंचा ऱ्हास आत चालूच राहतो. क्षयासाठी आयसोनियाझिड चालू असेल तर सोबत ब-६ हवे, कारण ते औषध शरीरातील ब-६ घटवते. तेही डॉक्टर सांगतील तेवढेच. दीर्घकाळ अती घेतल्यास ब-६ मज्जातंतूंनाच इजा करते.

"जास्त तितके चांगले" हा हिशेब शेतातही चालत नाही. युरिया जास्त झाला की भात लोळतो. टांझानियात दार-एस-सलाम येथे हेच दिसले. ए.आर.टी. नव्हती त्या काळात बाधित गरोदर स्त्रियांना ब, क आणि ई जीवनसत्त्वे दिली, तेव्हा आजाराची चाल मंदावली. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. पुढे ए.आर.टी. घेणाऱ्यांना हीच जीवनसत्त्वे नेहमीच्या मात्रेऐवजी भारी मात्रेत देऊन पाहिली. २०१२ च्या निष्कर्षांत जास्तीचा लाभ दिसला नाही. उलट यकृतावर ताण आल्याची चिन्हे वाढली.

विषाणू मेंदूतही शिरतो, आणि त्याला आवरते ती ए.आर.टी. आपल्या देशात २००४ पासून ती सरकारी केंद्रांत मोफत मिळते. विसरामुळे गोळी चुकते, गोळी चुकली की विषाणू वाढतो, आणि मेंदूचा त्रास आणखी वाढतो. हे चक्र घरातल्या माणसांनी तोडावे. ठरल्या वेळी रोज आठवण करावी. डोल्युटेग्राविर चालू असेल तर लोह वा कॅल्शियम असलेले टॉनिक केव्हा घ्यावे, हे केंद्रात विचारावे. दोन्ही उपाशीपोटी एकदम घेतल्यास औषध पुरते अंगी लागत नाही.

ताटात अंडे, दूध, मासळी असावी. ब-१२ तेथूनच मिळते. भुईमूग, डाळी, पालेभाजी यांतून इतर ब जीवनसत्त्वे मिळतात. आणि विसर पडतो, पाय बधिर होतात, हे डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगावे. दुकानातून गुपचूप आणलेल्या गोळीने लाज झाकली जाते, पण दुखणे आत वाढत राहते.