औशात टॉवर उभा राहण्याआधी

लातूरहून औशाला परत येताना औसा रोडवर नवीन इमारतींचे फलक लागतात. फलकावर बारा मजले, निळाशार पोहण्याचा तलाव, चकचकीत लॉबी, दोन लिफ्ट आणि खाली ठळक अक्षरांत ‘भर वस्तीत, बाजारपेठेला लागून, लक्झरी फ्लॅट’. लातूर वीस किलोमीटरवर आहे. तिथे जे उभे राहते ते चार-पाच वर्षांत औशात येते, हे आपण मंगल कार्यालयांच्या बाबतीत पाहिले, कोचिंग क्लासच्या बाबतीतही पाहिले. उंच इमारतही येईल. तिला माझा विरोध नाही. गाव आडवे पसरत गेले की चांगली काळी जमीन प्लॉटिंगखाली जाते, ते मला जास्त टोचते. पण टॉवरची वीट रचण्याआधी काही प्रश्नांची उत्तरे नगर परिषदेने, बिल्डरने आणि फ्लॅट घेणाऱ्यांनी सगळ्यांसमोर दिली पाहिजेत. ती खासगी बाब नाही, कारण पाणी, रस्ता आणि जमिनीचा हादरा हे तिन्ही गावाच्या सामाईक खात्यात येतात.

१. पाणी कुठून आणणार?

साधा हिशेब मांडू. बारा मजले, मजल्यावर चार घरे, म्हणजे अठ्ठेचाळीस घरे. घरात पाच माणसे धरली तर २४० माणसे. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड माणशी रोज १३५ लिटर आहे. म्हणजे रोज ३२ हजार ४०० लिटर, दहा हजार लिटरचे तीन टँकर, आणि तरीही थोडे कमीच पडते. हे झाले फक्त घरवापराचे. फलकावरचा तलाव बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल असला तर एकदा भरायला ९० हजार लिटर लागतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात रोज काहीशे लिटर नुसते उडून जातात.

आता २०१६ आठवा. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून लातुरात जमावबंदी लावावी लागली. मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ज्या गाडीची बातमी देशभर झाली, तिचे सगळे पाणी वरच्या हिशेबातल्या एका इमारतीला पंधरा दिवस पुरले असते. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. घागरी घेऊन ओळीत उभ्या राहिलेल्या बायका अजून आपल्याच गल्लीत राहतात, त्यांना हा आकडा माहीत असायला हवा.

बिल्डर सांगेल, ‘आपला बोअर आहे.’ बोअर त्याच्या जागेत असतो, पाणी त्याच्या जागेतले नसते. आपल्या बेसाल्टच्या खडकात पाणी भेगांतून फिरते. एकाने पाचशे-सातशे फूट खाली जाऊन मोठी मोटर लावली की शेजारच्या वाड्यातला जुना आड आधी आटतो आणि मग हातपंप. म्हणून परवान्याच्या अर्जासोबत उन्हाळ्यातल्या, म्हणजे मे महिन्यातल्या उपशाची चाचणी जोडायला हवी. जुलैत घेतलेल्या चाचणीला मी पुरावा मानत नाही. गच्चीवरचे पाणी जिरवण्याची अट नियमात आहेच, पण शोषखड्डा बांधून झाल्यावर त्यात खरोखर पाणी उतरते का, हे पहिल्या पावसात नगर परिषदेच्या अभियंत्याने उभे राहून पाहावे.

२. किल्लारी आपल्याच तालुक्यात आहे

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून माणसे नुकतीच झोपली होती. आठ हजारांच्या आसपास जीव गेले. माणसे भूकंपाने कमी आणि घराने जास्त मेली, हे तेव्हाच्या प्रत्येक जाणकाराने सांगितले. दोन-दोन, अडीच-अडीच फुटांच्या दगडी भिंती, दगडांना धरून ठेवणारी नुसती माती, वर जड माळवद. हादरा बसला आणि भिंतीचे दोन पदर फाकले. त्या वर्षी आमच्याकडे हिवाळा पत्र्याच्या शेडमध्ये काढला. थंडी चावायची, पण स्लॅबखाली झोपायला कुणी तयार नव्हते.

तोवर हा प्रदेश भूकंपाच्या नकाशात सगळ्यात निर्धोक समजल्या जाणाऱ्या पट्ट्यात होता. पुढे नकाशा बदलला आणि २००२ पासून लातूर परिसर तिसऱ्या झोनमध्ये धरला गेला. याचा अर्थ फक्त कागदावरचा रंग बदलला असा नाही. तिसऱ्या झोनमध्ये काँक्रीटच्या सांगाड्यातली सळई कशी बांधायची याचे वेगळे भारतीय मानक लागू होते. त्यातली एकच गोष्ट प्रत्येक औसेकराला कळावी असे मला वाटते. कॉलमभोवती ज्या रिंगा घालतात, त्यांची टोके आतल्या काँक्रीटमध्ये १३५ अंशांत वळवायची असतात. काटकोनात वळवलेली रिंग मोठ्या हादऱ्यात उघडते आणि कॉलम फुटतो. वळवायला मजुराला थोडा जास्त वेळ लागतो, सळई दोन-चार बोटे जास्त जाते, एवढाच फरक. गिलावा झाल्यावर मात्र तो कुणालाच दिसत नाही.

दुसरी गोष्ट पार्किंगची. खाली नुसते खांब आणि वर विटांच्या भिंतींचे मजले, अशी इमारत म्हणजे जड डोके आणि बारीक पाय. २६ जानेवारी २००१ च्या गुजरातच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांत अशा मोकळ्या तळमजल्याच्या बऱ्याच होत्या. आपले अंतर किल्लारीपासून किती, ते औशात कुणाला सांगावे लागत नाही.

त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मातीची तपासणी नेमकी कुठे खोदून केली, किती खोलीवर कठीण लागले, पाया तिथवर नेला का, ही कागदपत्रे साइटवर लावलेली असावीत. बांधकाम नकाशाशेजारी आणखी एक फ्रेम लावायला खर्च येत नाही.

३. महाडचा धडा नगर परिषदांसाठीच आहे

२४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत पडली. सोळा माणसे गेली. इमारत जुनाट नव्हती. महाड म्हणजे मुंबई नव्हे, औशासारखेच नगर परिषदेचे गाव. मोठ्या महापालिकेत निदान वेगवेगळे विभाग असतात. आपल्याकडे एकाच अभियंत्याच्या टेबलावर गटार, नळजोडणी, पथदिवे आणि बांधकाम परवाने असे सगळे साचते. त्याच्यावर बारा मजल्यांची तपासणी लादणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. म्हणून ठरावीक उंचीच्या वरच्या प्रत्येक इमारतीचा आराखडा बाहेरच्या संस्थेकडून, एखाद्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून तपासून घ्यावा आणि फी बिल्डरने नगर परिषदेत भरावी. बिल्डरने आपल्याच ओळखीच्या तज्ज्ञाला थेट पैसे देऊन आणलेला दाखला नको.

४. आग

राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही उंच इमारत. म्हणजे पाचव्या मजल्याच्या आसपासच प्रश्न सुरू होतो. आपल्या अग्निशमन गाडीची शिडी कितव्या मजल्याला टेकते? बाजाराच्या दिवशी म्हणा, सणासुदीला म्हणा, ती गाडी बाजारातून किती मिनिटांत निघते? एकदा रंगीत तालीम करून गावाला सांगावे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो दाखला लिफ्टशेजारी चिकटवा.

५. रस्ता नकाशावर मोजू नका

२०२० च्या डिसेंबरात राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात उंची रस्त्याच्या रुंदीशी बांधलेली आहे. प्रीमियम भरून जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगीही मिळते. माझी विनंती एवढीच, की टेप प्रत्यक्ष रस्त्यावर धरा, ओटे आणि पत्र्याची शेडे सोडून. आणि त्या प्रीमियममधला जो वाटा नगर परिषदेला मिळेल, तो आधी त्याच वस्तीच्या पाइपलाइन व नाल्यावर खर्च करा. ‘भर वस्तीत’ म्हणून ज्या गल्लीच्या जिवावर फ्लॅट महाग विकला जातो, तिचे पाणी तुंबलेले राहू नये.

६. घेणाऱ्यांनो, आयुष्याची कमाई घालता आहात

शेती विकून, निवृत्तीचे पैसे एकत्र करून फ्लॅट घेणारी माणसे माझ्या ओळखीची आहेत. एका नातेवाइकाने फलक आणि बिल्डरचा गोड शब्द यांवर निम्मी रक्कम देऊन टाकली होती, हातात होती फक्त साधी पावती. असे करू नका. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरची किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटची योजना महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदवल्याशिवाय विकताच येत नाही. नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. तुमच्या पैशातले सत्तर टक्के त्याच बांधकामाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. दर कार्पेटवर सांगावा लागतो, सुपर बिल्टअपवर नव्हे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधणीतला दोष निघाला तर तो बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा असतो.

आणि ताबा घेताना किल्ली नव्हे, आधी भोगवटा प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर कायद्याच्या दृष्टीने ती इमारत राहायला तयारच झालेली नाही.

७. बिल्डर गेल्यानंतर

दोन लिफ्ट, जनरेटर, अग्निपंप, तलावाचे फिल्टर. हे सगळे पहिल्या वर्षी नवे असते. निम्मे फ्लॅट पुण्यात नोकरी करणाऱ्यांनी गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेले असले, तर मेंटेनन्स उरलेल्यांवर पडतो. मग आधी तलाव कोरडा पडतो, नंतर एक लिफ्ट बंद होते, आणि नवव्या मजल्यावरची आजी सहा-सहा महिने खाली येत नाही. निम्म्याहून अधिक बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत सोसायटी उभी करणे ही बिल्डरची जबाबदारी आहे, ती ग्राहकांनी पहिल्या दिवसापासून लावून धरावी. पाणी आणि वीज यांचा वर्षभराचा अंदाजे खर्च विक्रीच्या पत्रकातच छापायला लावावा.

माझी मागणी नगर परिषदेच्या पुढच्या सभेसाठी आहे. ज्या इमारतीची उंची १५ मीटरच्या वर जाईल, तिच्या दारावर एक पाटी असावी आणि तिच्यावर मराठीत पाच ओळी असाव्यात: मे महिन्यात मोजलेले बोअरचे पाणी, मातीच्या तपासणीची तारीख, आराखडा तपासणाऱ्या संस्थेचे नाव, महारेराचा नोंदणी क्रमांक आणि अग्निसुरक्षेच्या शेवटच्या दाखल्याचा महिना. पाटी फलकाच्या शेजारीच लावावी, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत.