मीटरवरचे सात व्होल्ट

रिमोटच्या गाडीचा जुना पॅक कोणी विकायला काढला, की त्याच्यासोबत एक फोटो असतो. पॅकच्या वायरींना मीटरची दोन टोके लावलेली आणि पडद्यावर आकडा ७.८. आदल्या दिवशी हाच आकडा ६.५ होता. आता पॅक ‘उठला’. विकणाऱ्याला एवढा पुरावा पुरतो, घेणाऱ्यालाही पुरतो. त्या पॅकवर गाडी किती मिनिटे पळाली, हे मात्र दोघांपैकी कोणी विचारत नाही.

तामिया कंपनीची ‘ग्रासहॉपर’ ही रिमोटची गाडी १९८४ साली आली. तिच्या आणि तिच्यासारख्या असंख्य गाड्यांच्या पोटात ७.२ व्होल्टचा पॅक बसतो. निकेलचे सहा सेल, एकाला एक जोडलेले, प्रत्येकी १.२ व्होल्ट, वरून घट्ट प्लास्टिक. निकेलचा सेल भरलेला असो की अर्ध्याहून अधिक उतरलेला, व्होल्टमध्ये तो फारसा फरक दाखवत नाही. आकडा १.२ च्या आसपास रेंगाळतो आणि अगदी शेवटी कोसळतो. पॅकमध्ये किती दम उरला आहे, हे या आकड्याला सांगताच येत नाही. तरी निवाडा त्याच्यावरच होतो.

मीटर पॅककडून जवळजवळ काहीच मागत नाही. मोटार मागते. गाडी जागेवरून उसळताना वीस अँपिअर सहज ओढले जातात. जुन्या पॅकचा अंतर्गत रोध वाढून समजा ०.१ ओहम झाला असेल, तर वीस अँपिअरला दोन व्होल्ट आतल्या आतच खर्ची पडतात. पॅक तापतो, गाडी रडतखडत चालते. गंजाने बुजत आलेल्या पाइपातही नळ बंद असेपर्यंत दाब पुरा दिसतो, तसाच हा मीटरवरचा ७.८ आहे.

आता ६.५ चे ७.८ कसे झाले ते पाहू. पाच सेल १.३ वर आणि सहावा शून्यावर, मिळून ६.५. जुन्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये कॅडमियमचे बारीक तंतू वाढतात, मधला पडदा भेदतात आणि सेल आतूनच शॉर्ट होतो. अशा सेलला क्षणभर जबर प्रवाहाचा झटका दिला, की तो तंतू जळून जातो. सेल पुन्हा चार्ज घेतो, मीटर खूश होतो. पण पडद्याला पडलेले भोक तसेच राहते आणि त्याच जागी तंतू पुन्हा वाढतो. पॅक नुसता ठेवून दिला, तरी तो सेल इतरांच्या आधी उतरतो. गाडी पळवली, तर तो आधी रिकामा होतो आणि उरलेले पाच सेल त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात. तो उलटा चार्ज होऊ लागतो. आत वायू साठतो, झडप उघडते, ओलावा निघून जातो. झटक्याने ‘वाचवलेला’ सेल असा मरतो.

शिवाय हा इलाज होता कॅडमियमवाल्या सेलसाठी. युरोपात काही अपवाद सोडले, तर घरगुती वापराच्या कॅडमियम बॅटऱ्यांवर २००८ पासून बंदी आहे आणि आजचे बहुतेक निकेल पॅक मेटल हायड्राइडचे असतात. त्यांचे दुखणे वेगळे. धातूचे मिश्रण गंजते, आतला द्रव आटतो, रोध वाढतो. झटक्याने गंज उतरत नाही आणि आटलेला द्रव परत येत नाही. तरी झटका दिला जातो, कारण लगेच काहीतरी हलल्यासारखे दिसते.

पॅक खरोखर उठतच नाहीत असे नाही. वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेले निकेल पॅक उठतात, आणि ते उठवावेतच. कॅडमियम कचऱ्यात जाण्यापेक्षा चार उन्हाळे आणखी गाडीत राहिलेले केव्हाही चांगले. पण त्याला वेळ द्यावा लागतो. १५०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) पॅक असेल, तर १५० मिलिअँपिअरने चौदा ते सोळा तास चार्ज करायचा. एवढ्या मंद प्रवाहात आधी भरलेले सेल जादा चार्ज सोसतात आणि मागे राहिलेल्यांना गाठायला वेळ मिळतो. वेगवान चार्जरला हे जमत नाही. तो चार्ज पुरा झाल्यावर येणारी व्होल्टची बारीकशी घसरण शोधत असतो. जुना पॅक त्याला चकवतो आणि चार्जर काही मिनिटांतच ‘पूर्ण’ म्हणून थांबतो. मग सावकाश, साधारण ३०० मिलिअँपिअरने, पॅक सहा व्होल्टपर्यंत उतरवायचा. त्याखाली नाही. किती एमएएच निघाले ते लिहून ठेवायचे. हीच फेरी तीन-चार वेळा. आकडा दर फेरीला वाढत गेला, तर पॅकमध्ये जीव होता. पाचशेवर अडून बसला, तर तो आता पाचशेचा पॅक आहे, वर कागदावर काहीही छापलेले असो. एक परीक्षा आणखी राहते. भरलेला पॅक आठवडाभर ठेवून पुन्हा मोजायचा. थोडा तर तो उतरणारच. पण तंतूने पोखरलेला सेल याच आठवड्यात उघडा पडतो. या कामाला दहा-बारा दिवस लागतात, फोटोला दहा सेकंद.

निकेलपुरते हे आळसावर सोडून देता आले असते. फार तर घेणाऱ्याचे पैसे बुडाले असते. पण तीच सवय लिथियमच्या पॅकवर चालवली जाते. तिथे गोष्ट पैशांवर थांबत नाही.

लिथियम पॉलिमर सेल ३ व्होल्टच्या खाली नेऊ नये, असा नियम आहे. थोडा खाली गेला, तर बरेच चार्जर अगदी मंद प्रवाहाने त्याला सावरू पाहतात. फारच खाली गेलेल्या पॅकला चांगला चार्जर नकार देतो. आणि इथे ती युक्ती पुढे येते: चार्जर निकेलच्या मोडवर टाका, काही मिनिटे चालू द्या, आकडा वर आला की पुन्हा लिथियमवर आणा. चार्जर फक्त व्होल्ट पाहतो. व्होल्ट दिसले, तो पॅक स्वीकारतो. दरम्यान सेल खोल उतरलेला असताना आतल्या तांब्याच्या पत्र्यातले तांबे विरघळलेले असते, आणि चार्ज करताना ते नको तिथे पुन्हा धातू होऊन बसते. तिथून आतला शॉर्ट फार दूर नाही. निकेलच्या मोडला ४.२ व्होल्टची मर्यादाही ठाऊक नसते. तो ज्या घसरणीची वाट पाहतो, ती लिथियममध्ये येतच नाही. माणसाची नजर हटली, तर थांबवणारे कोणी नाही. मुलांच्या खोलीत, गादीशेजारी चार्जिंगला लावलेल्या पॅकबद्दल आपण बोलतो आहोत. चार्जरने दिलेला नकार हा त्याच्यातला दोष नाही. त्या घरातली तेवढीच एक जागरूक वस्तू आहे, आणि तिलाच गप्प करण्याची विद्या ‘बॅटरी दुरुस्ती’ म्हणून शिकवली जाते.

म्हणून मागणी साधी आहे. जुना पॅक विकणाऱ्याने मीटरचा फोटो देऊ नये. किती एमएएच निघाले, किती प्रवाहावर मोजले आणि आठवडाभर ठेवल्यावर किती निघाले, हे तीन आकडे द्यावेत. घेणाऱ्याने ते मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फुगलेला किंवा पार उतरून गेलेला लिथियम पॅक कोणी ‘उठवून देतो’ म्हणाला, तर त्याला नाही म्हणावे आणि तो पॅक ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.