‘कोल्हापुरी’चे श्रेय मिळाले, दामाचे काय?

धावडा (जि. जालना) : भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या गावातही ‘कोल्हापुरी’ म्हटले की कोणती चप्पल, हे सांगावे लागत नाही. तीच घडण इटलीतील ‘प्राडा’ कंपनीने जून २०२५ मध्ये मिलान येथे स्वतःच्या नावाने सादर केली. त्यात ना कोल्हापूरचा उल्लेख होता, ना चर्मकार कारागिरांचा. टीकेची झोड उठल्यावर कंपनीने मूळ परंपरा मान्य केली.

वस्तुतः या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे येतात. मात्र हे मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते. नाव न घेता घडण उचलणाऱ्यास रोखणे अवघड जाते. याप्रकरणी दाखल झालेली जनहित याचिकाही मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. मानांकनाचे नोंदणीधारक, म्हणजे दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे, न्यायालयात आलेलीच नव्हती.

डिसेंबर २०२५ मध्ये याच महामंडळांशी कंपनीने करार केला. सुमारे ८०० युरो किमतीचे २००० जोड बनविण्याची घोषणा झाली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. तथापि, त्या किमतीतील किती वाटा चामडे कमावणाऱ्या आणि वेणी विणणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतो, यावरच या कराराचे मोल ठरेल.